वाचकांचे प्रश्न : अनुराधपूरचा एक दिवस

गेल्या अंकात श्रीलंकेच्या जुन्या राजधानीचा, अनुराधपूरचा, नुसता उल्लेख केला, तर त्यावर एवढी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. मी पाली शिकवली आणि श्रीलंकेला पाच वेळा जाऊन आले. त्यातली पहिली खेप वाया गेली. तिची आठवण धरूनच ही उत्तरं लिहिते आहे.

प्रश्न : आम्ही चौघं श्रीलंकेला जातोय. मुक्काम डंबुल्लाजवळ आहे. एका दिवसासाठी खासगी गाडी आणि गाइड घेऊन अनुराधपूर आणि मिहिंतले करायचं आहे. आमच्याकडे आलेल्या कार्यक्रमात चौदा ठिकाणं आहेत. एवढं जमेल का? — एक वाचक, पुणे

गाडीचं चाक फिरेल तेवढं जमेल. तुम्हाला मात्र संध्याकाळी हॉटेलवर परतल्यावर कुठला स्तूप कोणता हे आठवणार नाही. २०११ साली माझं हेच झालं. आम्ही तिघी बहिणी होतो. सकाळी आरामात नाश्ता करून निघालो, नऊनंतर पोचलो आणि भर दुपारी बारा वाजता महाथूप या मोठ्या पांढऱ्या स्तूपाच्या फरसबंदीवर अनवाणी उभ्या होतो. धाकटीच्या तळपायाला फोड आले. गाइड पुढे, आम्ही मागे, आणि प्रत्येक ठिकाणी तीन वाक्यं: कुणी बांधला, कधी बांधला, किती उंच. त्याने अभयगिरी या जुन्या विहाराचं जुळं तळं ‘राणीचं स्नानगृह’ म्हणून दाखवलं. ते भिक्षूंच्या स्नानाचं तळं आहे. पाणी आधी दगडी कुंड्यांतून यायचं, गाळ तिथे बसायचा आणि निवळलेलं पाणी मकराच्या मुखातून आत पडायचं. त्या कुंड्या आजही जागेवर आहेत. आम्ही त्यांच्यावरून चालत गेलो आणि कुणी त्या दाखवल्या नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा, की यादी निम्मी करा आणि दिवस उन्हाच्या चालीने लावा. डंबुल्लाहून रस्ता साधारण दीड तासाचा आहे. पहाटे साडेपाचला निघा, म्हणजे सातला तुम्ही श्री महाबोधीपाशी, तिथल्या पवित्र पिंपळापाशी, असाल. फरशी गार असते, पांढऱ्या कपड्यांतली माणसं फुलं घेऊन येत असतात. इथे एक चूक बहुतेकांची होते. आवारात शिरताच मोठमोठे पिंपळ दिसतात आणि आपण त्यांनाच नमस्कार करून मोकळे होतो. ते भोवतीचे रक्षक वृक्ष. खरा महाबोधी वरच्या चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याआड आहे. तो बारीक आहे, एका अंगाला कललेला, आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या टेकूंवर त्याच्या फांद्या विसावल्या आहेत. तिथवर भाविकांना जाता येत नाही, खालूनच पाहायचा. गाइडला म्हणा, नेमकी फांदी बोटाने न दाखवता उघड्या तळहाताने दाखवा. चांगला गाइड ते आपणहून करतो.

अशोककन्या संघमित्रेने बोधगयेच्या वृक्षाची फांदी इथे आणली ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ ठाऊक असलेल्या झाडांत याच्याएवढं जुनं झाड दुसरं नाही असं मानलं जातं. बोधगयेतला आजचा वृक्ष एकोणिसाव्या शतकात लावलेला आहे, म्हणजे मूळ घरची शाखा परदेशात टिकली. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही अनुराधपूरच्याच रोपांचा. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी ती आणली होती.

तिथून महाथूपापर्यंत, म्हणजे सिंहली लोक ज्याला रुवनवेलीसाय म्हणतात तिथपर्यंत, पायीच जा. गाडी पुढे पाठवून द्या. वाटेत लोहप्रासादाचे १६०० दगडी खांब लागतात. एकेकाळी त्यावर नऊ मजली विहार होता. मग समोर तो शुभ्र घुमट. दुट्ठगामणी राजाने तो बांधायला घेतला आणि काम पुरं व्हायच्या आधीच अंथरुणाला खिळला. परंपरा सांगते की धाकट्या भावाने, सद्धातिस्साने, अपुऱ्या स्तूपावर पांढरं कापड ताणून तो पुरा झाल्यासारखा केला आणि पालखीतून राजाला आणून दाखवला. ही कथा स्तूपाकडे तोंड करून, सावलीत बसून ऐका.

दुट्ठगामणीची आणखी एक गोष्ट गाइडला आवर्जून विचारा. त्याने ज्या तमिळ राजाला, एळाराला, युद्धात मारलं, त्याचे अंत्यसंस्कार मानाने केले आणि त्याच्या समाधीपाशी वाजंत्री थांबवावी असा दंडक घातला. एळाराच्या न्यायाचं कौतुक सिंहली परंपरेनेच जपलं आहे. या देशाने अलीकडच्या काळात जे सोसलं, १९८५ साली याच महाबोधीच्या आवारात निष्पाप भाविकांना गोळ्या घातल्या गेल्या, ते मनात ठेवलं की ही जुनी कथा फार जड वाटते. तपासणीसाठी पिशवी उघडायला सांगितली तर मुकाट्याने उघडा.

नऊच्या पुढे जेतवन. हा स्तूप विटांचा, उघडा, तपकिरी. महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस तो उभारायला घेतला. पुरा झाला तेव्हा त्याची उंची १२२ मीटर होती आणि गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर त्या काळी जगात याहून उंच बांधकाम नव्हतं. आज तो ७१ मीटर उरला आहे. विटा सुमारे ९ कोटी ३३ लाख असा हिशेब सांगतात. तिथे अर्धा तास पुरे.

खरा वेळ अभयगिरीला द्या. झाडी दाट आहे, सावली आहे आणि गर्दी पांगलेली असते. तिथल्या चंद्रशिलेपाशी, म्हणजे पायरीच्या पुढ्यातल्या अर्धगोल कोरीव दगडापाशी, बूड टेकून बसा. बाहेरच्या पट्ट्यात ज्वाळा, मग हत्ती, घोडा, सिंह, बैल एकामागून एक, मग वेलबुट्टी, मग चोचीत देठ धरलेले हंस आणि मधोमध कमळ. तृष्णेच्या आगीतून, जन्ममरणाच्या फेऱ्यातून निर्वाणाकडे, असा अर्थ विद्वानांनी लावला आहे. दुसऱ्या खेपेला मला मिळालेला वृद्ध गाइड या एका दगडापाशी वीस मिनिटं बसला होता. त्यानेच फाहियानची आठवण सांगितली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तो चिनी भिक्षू इथे आला, तेव्हा त्याला घर सोडून कितीतरी वर्षं झाली होती, सोबती पांगले होते, काही वारले होते. अभयगिरीत बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी रेशमाचा पांढरा पंखा त्याला दिसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्या जागी उभी होते आणि माझेही डोळे भरले.

जवळच समाधी बुद्ध. नेहरूंनी ही मूर्ती १९३१ साली पाहिली. पुढे डेहराडूनच्या तुरुंगात असताना एका मित्राने तिचं छायाचित्र पाठवलं आणि ते त्यांनी कोठडीतल्या मेजावर ठेवलं होतं.

साडेअकरा ते तीन काही पाहू नका. जेवा, पडा. साडेतीनला मिहिंतलेची टेकडी, अनुराधपूरहून बारा-तेरा किलोमीटर. बाकीची ठिकाणं पुढच्या खेपेला.

प्रश्न : गाइड निवडताना काय विचारावं? ड्रायव्हरच गाइड असतो म्हणतात, ते चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

श्रीलंकेत गाइडना पर्यटन विकास प्राधिकरणाचा परवाना लागतो. काही जण देशभर फिरवणारे असतात, काही गाडी चालवून माहितीही देणारे, काही एखाद्या भागापुरते आणि काही एकाच स्थळापुरते. गाडी चालवणारा परवानाधारक गाइड उत्तम असू शकतो. नुसता ड्रायव्हर मात्र गाडीपाशी थांबतो आणि ‘तुम्ही बघून या’ म्हणतो. बुकिंग करतानाच स्पष्ट विचारा: परवाना कोणत्या प्रकारचा आहे, आणि माणूस आमच्याबरोबर आत चालत येणार आहे ना?

मी आणखी एक प्रश्न विचारते: ‘अभयगिरी आणि महाविहार यांच्यात मतभेद कशावरून होते?’ महाविहार हा अनुराधपूरचा दुसरा मोठा विहार. उत्तर मोठं नसलं तरी चालतं. महाविहार जुन्या थेरवाद परंपरेला धरून राहिला आणि अभयगिरीने महायान विचारालाही दार उघडलं, एवढं ज्याला सांगता येतं तो तुम्हाला अवशेषांतून नीट नेईल. ज्याला येत नाही तो उंची आणि सनावळी सांगेल.

रत्नांची दुकानं आणि मसाल्याच्या बागा नकोत हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, सौम्य शब्दांत पण पक्कं. दुकानातून मिळणारं कमिशन हा तिथल्या अनेकांच्या मिळकतीचा भाग आहे, म्हणून दिवसाचा मेहनताना आणि बक्षिसी हात राखून देऊ नका. पासपोर्ट सोबत असू द्या. सार्क देशांच्या नागरिकांना प्रवेश तिकिटात सवलत मिळत आली आहे आणि ती मागावी लागते.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात, मराठीशिवाय भाषा येत नाही. आयुष्यभर त्यांनी विहारात वंदना घेतली. महाबोधी बघायचा ध्यास आहे. इंग्रजी बोलणाऱ्या गाइडबरोबर त्यांचा दिवस कोरडा जाईल अशी भीती वाटते. — एक वाचक, औरंगाबाद

ताई, तुमच्या वडिलांचा दिवस सगळ्यांत भरलेला जाईल. त्यांना तिथली भाषा येते. सकाळी महाबोधीपाशी बसलं की आसपासच्या आज्या ‘नमो तस्स भगवतो’ म्हणत असतात. चाल वेगळी, शब्द तेच. त्रिसरण तेच, पंचसील तेच. माझ्याबरोबर एकदा अमरावतीचे एक निवृत्त एसटी मेकॅनिक होते. ते हळूच त्या आवाजात मिसळले. शेजारच्या बाईंनी डोळे उघडून पाहिलं, आपल्या ओंजळीतली निम्मी फुलं त्यांच्या हातात ठेवली आणि दोघं पुढे म्हणत राहिले. शेवटी ‘साधु, साधु, साधु’. त्या दोघांत संभाषण असं काहीच झालं नाही. परतीच्या विमानात ते मला म्हणाले, ‘मॅडम, माझी वंदना तिकडं समजली.’

त्यामुळे गाइडला आधीच सांगा की पहिला तास माहिती नको, बसायला वेळ हवा. पुढे दर दोन वाक्यांनी थांबायला सांगा आणि तुम्ही मराठीत सांगा. सगळं सांगायला जाऊ नका. तुम्हाला स्वतःला जे भिडलं तेवढंच सांगा.

गुडघ्यांचं म्हणाल तर महाबोधीला थोड्याच पायऱ्या आहेत, महाथूपाला प्रदक्षिणा सपाट आहे, फक्त लांब. अडचण मिहिंतलेला येते. तिथे १८४० पायऱ्या आहेत. पण गाडी वरच्या तळापर्यंत जाते आणि बराच चढ वाचतो. तिथून अंबस्थलापर्यंत, म्हणजे वरच्या छोट्या स्तूपापर्यंत, हात धरून, थांबत थांबत न्या. त्यापुढची आराधना शिळा उभी आणि निसरडी आहे, ती तुम्ही चढा आणि वडिलांना खाली सावलीत बसू द्या. त्यांची बसायची जागाच मुख्य आहे. अशोकपुत्र महिंद थेर (थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्षू) आणि शिकारीला निघालेला राजा देवानंपिय तिस्स यांची गाठ इथेच पडली. थेरांनी राजाची बुद्धी पारखली ती आंब्याच्या झाडावरून. हे झाड कोणतं? आंबा. याखेरीज आंबे आहेत? पुष्कळ. हा आणि ते आंबे सोडून झाडं आहेत? आहेत. ती झाडं आणि ते आंबे सोडून? राजा म्हणाला, हा आंबा आहेच की! वडिलांना हेच प्रश्न तिथे बसून मराठीत विचारा.

खाली उतरताना जुन्या विहाराच्या रुग्णालयात माणसाच्या आकाराचं दगडी औषधी पात्र आहे, तेही त्यांना दाखवा. रुग्णाला त्यात निजवून औषधी तेला-काढ्यांचे उपचार होत असत.

प्रश्न : पौर्णिमेला गेलेलं चांगलं का? — एक वाचक, नाशिक

श्रद्धेने जात असाल तर हो. प्रत्येक पौर्णिमा, म्हणजे पोया, तिथे सार्वजनिक सुट्टी असते. जूनमधली पोसोन पोया ही महिंदांच्या आगमनाची. त्या दिवशी अनुराधपूर-मिहिंतलेत लाखोंनी लोक लोटतात आणि रस्त्यारस्त्यावर मोफत अन्नदान चालतं. गाडीने एका दिवसात दोन्ही करण्याचा बेत त्या दिवशी सोडून द्या. अवशेष निवांत बघायचे असतील तर आठवड्यातला साधा दिवस निवडा.

प्रश्न : आम्ही बौद्ध नाही. कपड्यांचे, फोटोंचे काय नियम आहेत? फुलं वाहिली तर चालतात का? — एक वाचक, ठाणे

चालतात, आणि कुणी धर्म विचारत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, शक्य तर कपडे पांढरे किंवा फिके. पादत्राणांबरोबर टोपीही काढावी लागते, हे आपल्याकडचे लोक विसरतात. दुपारी कुठे अनवाणी जावंच लागलं तर जाड मोजे घाला, ते चालतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. तिथे तो अपमान समजला जातो आणि सेल्फीत नेमकं तेच होतं. दंडावर बुद्धाचं गोंदण असेल तर झाकून ठेवा.

फुलं दाराशीच मिळतात, कमळं आणि निळी कुमुदं. विक्रेतीला सांगितलं तर ती पाकळ्या बाहेरून दुमडून कमळ उमलवून देते. फक्त वाहण्याआधी ती फुलं हुंगू नका. पहिला वास बुद्धाचा, असं तिथे मानतात. मी नकळत नाकाशी नेलं होतं, तेव्हा त्या बाईने काही न बोलता माझ्या हातातलं कमळ काढून घेतलं, दुसरं दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.