अठरा हजारांचा टेलिग्राम ग्रुप घ्यावा का?

प्रश्न : वय ३४, पगारदार. बारा लाख सबस्क्रायबर असलेलं एक मराठी यूट्यूब चॅनेल नियमित पाहतो. फार छान समजावतात. त्यांच्या टेलिग्राम ग्रुपची वर्षाची फी १८,००० रुपये आहे. एफडी मोडून ३ लाख त्यांनी सांगितलेल्या शेअरमध्ये घालू का? इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा म्युच्युअल फंड) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता, चालू आहे.

उत्तर : एफडी मोडू नका आणि फीही भरू नका.

आधी फीचा हिशेब पाहू. ३ लाखांवर १८,००० म्हणजे वर्षाला ६ टक्के. समजा हेच पैसे इंडेक्स फंडात १२ टक्क्यांनी वाढले, तर वर्षाअखेर ३६,००० रुपये वाढ दिसेल. ग्रुपमधून तेवढेच हातात पडायला किती कमवावे लागतील? शेअर वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के कर, त्यावर ४ टक्के उपकर, आणि ग्रुपची फी या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे साधारण ६८,००० रुपये, जवळपास २३ टक्के. ब्रोकरेज (दलाली) आणि एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) वेगळेच. एवढं करून तुम्ही फक्त बरोबरीला येता! रक्कम ३० लाख असती तर हीच फी ०.६ टक्का पडली असती. लहान रकमेला ठरावीक फी फार जड जाते.

आता माणसाकडे वळू. पैसे घेऊन शेअर सुचवायला शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीची नोंदणी लागते. सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने आणि रिसर्च अ‍ॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. ‘एआरएन’ हा म्युच्युअल फंड वितरकाचा क्रमांक, त्यावर शेअरच्या टिप्स देता येत नाहीत. दुसऱ्याचा क्रमांक बिनदिक्कत वापरणारेही आहेत, म्हणून सेबीच्या वेबसाइटवरच्या यादीत नाव जुळवा, तिथे दिलेल्या ईमेलवरच विचारा आणि फी भलत्याच नावाच्या खात्यात मागितली तर तिथेच थांबा.

सबस्क्रायबरच्या आकड्यावरून समजावण्याची हातोटी दिसते, शेअरची निवड कशी आहे ते नाही. गेल्या बारा महिन्यांतल्या सगळ्या शिफारशी मागा: तारीख, खरेदीचा भाव, स्टॉपलॉस (तोटा वाढू नये म्हणून विकायचा ठरवलेला भाव), विक्रीचा भाव. नफ्याचे स्क्रीनशॉट पाठवले तर ते उत्तर नव्हे. टेलिग्रामवर चुकलेली शिफारस मागाहून पुसता येते.

कमी उलाढालीच्या छोट्या कंपन्यांचं नाव निघालं तर जास्तच सावध राहा. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरच्या प्रकरणात सेबीने मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. त्यात म्हटलं होतं, की यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आले, लोक खरेदीला धावले आणि आतल्या मंडळींनी चढ्या भावात शेअर विकले. लाखो प्रेक्षक एकदम खरेदीला उतरले की आधी घेऊन बसलेल्याला आयतं गिऱ्हाईक मिळतं.

ताळेबंद कसा वाचायचा, पी/ई (शेअरचा भाव कमाईच्या किती पट आहे ते) म्हणजे काय, हे शिकायला चॅनेल जरूर पाहा. फुकट व्हिडिओत सुचवलेले शेअर तारीख आणि भावासकट वहीत लिहा, शेजारी तुलनेसाठी त्या दिवशीचा निफ्टी ५०० (पाचशे कंपन्यांचा निर्देशांक). वर्षभर फक्त नोंदी ठेवा.

त्या ३ लाखांत सहा महिन्यांचा घरखर्च धरला असेल तर ते एफडीतच राहू द्या. नसेल, तर मुदत पूर्ण होऊ द्या म्हणजे मोडण्याचा दंड वाचेल. मग पाच-सात वर्षं न लागणारी रक्कम सध्याच्याच एसआयपीत बारा हप्त्यांनी वाढवा.