हाय फ्लोवर १४ लिटर म्हणजे बाळ गंभीर आहे का?

तुम्ही विचारलंय: मुलगी सात महिन्यांची, वजन ७ किलो, ब्राँकिओलायटिस (फुफ्फुसाचा आजार) म्हणून सोलापुरात ॲडमिट केलंय. नाकात हाय फ्लो (जोराच्या प्रवाहाने हवा-ऑक्सिजन देणारी नळी) लावलंय आणि मशीनवर मिनिटाला १४ लिटर दिसतंय, म्हणजे व्हेंटिलेटरच का?

नाही. व्हेंटिलेटरची नळी घशातून श्वासनळीत जाते, ही नाकपुडीतच संपते. मी इथल्याच एका मुलांच्या दवाखान्यात आयसीयूत सिस्टर आहे. गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) थंडीत हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतंच.

लिटरचा धसका आपल्याला कोविडने लावला. २०२१ मध्ये 'पेशंट १५ लिटरवर आहे' म्हटलं की घरात रडारड. ते लिटर शुद्ध ऑक्सिजनचे असायचे, हे हवा-ऑक्सिजनच्या मिश्रणाचे आहेत. तान्ह्यांना साधारण किलोमागे मिनिटाला २ लिटर देतात, म्हणून ७ किलोला १४. मशीनवर शेजारीच टक्क्यांचा आकडा असेल, तो बघा. समजा ३० आहे. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतोच, म्हणजे या १४ लिटरमध्ये बाहेरून घातलेला ऑक्सिजन जेमतेम दीड लिटर. हा टक्का कमी होत गेला की समजायचं, पोरगी सुधारतेय.

ब्राँकिओलायटिसमध्ये फुफ्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात, कफाने बुजतात. बाळाचं पोट उडतं, बरगड्यांखाली खड्डा पडतो. जोराचा प्रवाह नाका-घशातली वापरलेली हवा धुऊन काढतो, आत थोडा दाबही राहतो, त्यामुळे बाळाचे कष्ट वाचतात. एवढा कोरडा वारा नाक सोलून काढेल, म्हणून तो अंगाच्या उबेइतका गरम आणि ओला करून देतात. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर सिस्टरला सांगा, स्वतः नळी काढून झटकू नका.

नळी नाकात सैलच हवी, कडेने हवा सुटायला जागा लागते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या (तिकडे तेलुगू बोलणारे बरेच) एका आजीने 'वारं लागतंय लेकराला' म्हणून टोपडं पार नाकावर ओढलं होतं! मी धावले तेव्हा आजीच माझ्यावर ओरडल्या, तेही तेलुगूत.

सुरू केल्यावर तास-दीड तासात श्वास आणि नाडी खाली यायला लागली पाहिजे. या वयात शांत असताना मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगाचे. आकडे तसेच राहिले, बाळ कण्हतंय, मलूल पडलंय किंवा मध्येच श्वास थांबतोय असं वाटलं तर लगेच हाक मारा. काही बाळांना पुढे व्हेंटिलेटर लागतो, ते मी लपवणार नाही.

२०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अभ्यासात वर्षाच्या आतली १४७२ बाळं होती. साध्या (कमी प्रवाहाच्या) ऑक्सिजनवर २३ टक्क्यांचे उपचार वाढवावे लागले, हाय फ्लोवर १२ टक्क्यांचे. दवाखान्यातले दिवस मात्र कमी झाले नाहीत. साध्यावर बिघडलेली बरीच बाळं नंतर हाय फ्लोवर सावरली, त्यामुळे आधी साधा ऑक्सिजन लावला म्हणून डॉक्टरांशी भांडू नका.

दूध नाकातल्या बारीक नळीने देत असतील, तर आईला दूध काढत राहायला सांगा. आणि घरी गेल्यावर अंघोळीनंतरची धुरी बंद. आजी ऐकत नसतील तर माझं नाव पुढे करा, सिस्टरने सांगितलंय म्हणा.