प्रत्येकवागि म्हणजे वाट्यापुरतं नव्हे

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. भावाचा उसाचा ट्रॅक्टर आणि एक टेंपो यांची धडक झाली, टेंपोतला प्रवासी जायबंदी झाला आणि त्यानं भरपाईचा दावा लावला. नोटीस कन्नडमध्ये आहे. गावातल्या कुणीतरी तिचं मराठी करून दिलं, त्यात ‘दोन्ही वाहनमालक संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार’ असे शब्द आलेत. ‘पृथकपणे म्हणजे ज्याचं त्यानं आपल्या वाट्यापुरतं द्यायचं, असं सगळे सांगतात. खरं का?’

खोटं आहे, ताई. आणि हे खोटं मी बेळगावात वर्षानुवर्षं ऐकतोय. पतसंस्थेच्या कर्जाला सही करणारा जामीनदार हेच म्हणतो, कोर्टाच्या आवारात चहा पिणारे पक्षकारही हेच म्हणतात: ‘माझा वाटा तेवढाच माझ्यावर की हो!’ अहो, त्या वाक्यात वाटा आहेच कुठे? पृथकपणे जबाबदार म्हणजे एकेकाला एकटा धरला तरी तो सगळ्या रकमेला जबाबदार. भरपाई १० लाख ठरली तर जखमी माणूस ते १० लाख एकट्या तुमच्या भावाकडून वसूल करू शकतो, किंवा एकट्या टेंपोवाल्याकडून. दोनदा मात्र मिळणार नाहीत. चूक कुणाची किती, याचं ७०-३० असं गणित न्यायाधिकरणानं मांडलं तरी ते त्या दोघांनी आपसात हिशेब मिटवण्यासाठी, जखमीला त्याच्याशी देणंघेणं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं २०१५ साली खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया अश्युरन्स या खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय. करारानं एकत्र बांधलेल्या देणेकऱ्यांना तर १८७२ च्या करार कायद्याचं ४३ वं कलम कधीपासून हेच बजावतंय.

संयुक्तपणे सोडून देतो. त्याचा कन्नड जोडीदार ‘जंटी’ आपल्याला शेताच्या उताऱ्यावरून पाठ आहे. खरा आनंद पुढच्या शब्दात आहे. मूळ नोटीस काढून बघा, तिथे ‘जंटियागि मत्तु प्रत्येकवागि’ असं असणार. या ‘प्रत्येक’नं आपल्याकडच्या मराठी माणसाला कितीदा चकवलंय! कन्नडमध्ये प्रत्येक म्हणजे वेगळा, स्वतंत्र. उत्तर कर्नाटकासाठी ‘प्रत्येक राज्य’ हवं, अशी बातमी कन्नड पेपरात येते तेव्हा तिचा अर्थ ‘दर एक राज्य’ नव्हे, ‘वेगळं राज्य’. शब्द एकच, प्रति अधिक एक. संस्कृतात ‘प्रत्येकम्’ म्हणजे एकेकाला सुटं धरून. त्यातलं ‘एकेकाला’ मराठीनं घेतलं, ‘सुटं’ कन्नडनं घेतलं. मग ‘दर एक’ म्हणायला कन्नडला शब्द उरला नाही, तेव्हा तिनं काय केलं? तोच समास पुन्हा बांधला, फक्त ‘एक’च्या जागी आपला ‘ओंदु’ घालून: प्रतियोंदु! एकाच साच्यातून दोनदा ओतलेला शब्द एकाच भाषेत दोन अर्थांनी नांदतोय. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या भागात हे रोज कानावर पडतं आणि कुणी थांबून ऐकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं की ‘प्रत्येकवागि’चं भाषांतर करताना पृथककडे धावायलाच नको होतं. मराठी ‘प्रत्येक’च ठेवला असता तर अर्थ जास्त शाबूत राहिला असता: सगळे मिळून, आणि प्रत्येक जण. कायद्याच्या मराठीत पृथक रुजवणाऱ्यांना शब्द भारदस्त वाटला असेल, पण ऐकणाऱ्याच्या मनात तो लगेच भिंती घालतो, विभक्त चुली मांडतो. भाऊबंदकीत मुरलेल्या समाजाला वेगळं म्हटलं की वाटणीच आठवणार. पृथक हा पृथु आणि पृथ्वीच्या कुळातला, ‘पसरणे’ या अर्थाच्या प्रथ् धातूचा, असं व्युत्पत्तिकार सांगतात. पसरलेल्या वस्तूचे तुकडे होतातच असं नाही, पण हे नोटीस वाचणाऱ्याला कोण सांगणार?

अशा जबाबदारीला मी ‘दायित्व’ म्हणतो, तेव्हा आमच्या वाचनालयात येणारे एक जाणकार मला नेहमी अडवतात की ‘दायित्व’ हिंदी आहे, मराठीत जबाबदारीच म्हणा. त्यांच्या ‘जबाबदारी’तला जबाब अरबी आणि दार फारसी, ते त्यांना चालतं! दायित्व आपण हिंदीच्या वाटेनं उचललं असेल, पण दायी हा देणेकरी पाणिनीच्या घरचा आहे. त्याच्या व्याकरणग्रंथात, अष्टाध्यायीत, ३.३.१७० वर सूत्र आहे, ‘आवश्यकाधमर्ण्ययोर्णिनिः’. अधमर्ण म्हणजे ऋणको. ऋण फेडायचंच आहे, या अर्थानं तिथे प्रत्यय लागतो, आणि काशिका या अष्टाध्यायीवरच्या जुन्या टीकेत त्याचं उदाहरण आहे ‘शतं दायी’, शंभराचं देणं लागणारा. ‘शतं’ची द्वितीया बघा. एरवी अशा ठिकाणी षष्ठी आली असती, पण या अर्थी पाणिनी ती २.३.७० नं नाकारतो. मला त्या द्वितीयेत सबंध शंभर त्या माणसाच्या डोक्यावर ठेवलेले दिसतात. वाटाच सांगायचा असेल तेव्हा आपण ‘अंश’ वेगळा जोडतो, अंशदायी भविष्यनिर्वाह निधी म्हणतो. जखमीची स्वतःचीही चूक निघाली आणि तेवढी भरपाई कापली, तर त्या हयगयीलाही अंशदायी म्हणावं, तिथे तो अंश शोभतो. तुमच्या नोटिशीत अंश नाही. जाणकारांनी एकदा तरी काशिका उघडून मग मला अडवावं.

तर ताई, त्या मराठी कागदावर ‘पृथकपणे’ खोडा आणि लिहा: ‘दोघांनी मिळून किंवा दोघांपैकी कोणाही एकाने पूर्ण रक्कम द्यावी.’ मग तो कागद भावाला वाचून दाखवा. आणि अपघाताच्या तारखेला ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचा विमा चालू होता का, ते आजच बघायला सांगा.