खासगी, खाजगी आणि ‘संरक्षित’चा घोळ

प्रश्न असा आलाय: ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या मराठी टिपणांत ‘प्रायव्हेट’ला खासगी लिहायचं की खाजगी? आणि ‘प्रोटेक्टेड’ला ‘संरक्षित’ चालेल का?

नाही चालणार. ‘संरक्षित’ वाचलं की पोरांना वाटतं, हे प्रायव्हेटहून कडक, पहाऱ्यातलं. आहे नेमकं उलट. प्रायव्हेट त्या क्लासपुरतं (क्लास म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा). प्रोटेक्टेड लेकरांनाही, म्हणजे त्या क्लासवरून काढलेल्या क्लासेसनाही खुलं, आणि जावा भाषेत तर त्याच पॅकेजमधल्या (क्लासेसच्या एका गटातल्या) शेजाऱ्यांनाही. सरळ ‘घरातलं’ म्हणा. सी प्लस प्लस भाषेत प्रोटेक्टेड आलं ते प्रोग्रॅमर मार्क लिंटन यांच्या आग्रहावरून, आणि पुढे त्यांनीच आपल्या प्रकल्पात प्रोटेक्टेड डेटावर बंदी घातली!

‘पब्लिक’ म्हणजे सगळ्यांना खुलं, त्यावर वेळ घालवत नाही. खासगीकडे येऊ. मूळ अरबी ‘खास’, त्याला फारसी ‘गी’. ‘ग’ घोष (उच्चारताना कंठ थरथरतो), त्याच्या शेजारी ‘स’ही घोष होतो, म्हणून तोंडी ‘खाजगी’. हा शब्द ‘खानगी’वरून आला म्हणणाऱ्यांनी आधी ‘न’चा ‘ज’ करून दाखवावा.

पण खरी गंमत होळकरांकडे. तिथे राज्याची ती ‘दौलत’ आणि घराण्याची स्वतःची मिळकत ती वेगळी ‘खासगी’. बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली ही खासगी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे करून दिली, आणि त्यांच्यामागे ती सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. म्हणजे बघा, खासगी वारशात उतरते! आणि जावावाले ‘प्रायव्हेट मेंबर (क्लासमधला डेटा नि मेथड) वारशात, म्हणजे लेकराच्या क्लासमध्ये, येतच नाहीत’ असं ठणकावून सांगतात.

जावाचं अधिकृत स्पेसिफिकेशनही (भाषेची नियमावली) तसंच म्हणतं, ठाऊक आहे मला. पण ‘खाते’ क्लासमध्ये ‘शिल्लक’ प्रायव्हेट ठेवा, त्यावरून ‘बचतखाते’ काढा (जावात ही नावं देवनागरीत चालतात, करून पाहा). बचतखात्याच्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये शिल्लक असतेच, जागा अडवून बसलेली. फक्त बचतखात्यात ‘शिल्लक += व्याज’ लिहिलंत की कंपायलर हात धरतो; ‘खाते’ने दिलेल्या ‘जमा’ मेथडच्या दारानेच जावं लागतं. कपाट घरात आलं, किल्ली बापाच्या कनवटीला. याला ‘वारसा नाही’ म्हणायचं? सी प्लस प्लसवाले नीट बोलतात: वारसा आहे, पोहोच नाही.

हां, लेखनाचं राहिलं. खासगी लिहा, खाजगी म्हणा.