पद्य म्हणजेच कविता का? गद्य आणि पद्यात नेमका फरक काय?

नाही, पद्य म्हणजे कविता नव्हे. छंदात किंवा वृत्तात, म्हणजे ठरलेल्या लयीच्या मापात, बांधलेली रचना ती पद्य. असं मापाचं बंधन नसलेलं ते गद्य. उदाहरणार्थ, 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयात या वृत्तात आहेत: प्रत्येक चरणात (ओळीत) 12 अक्षरं, लघु-गुरूंचा (आखूड-लांब उच्चाराच्या अक्षरांचा) क्रमही ठरलेला. पण संस्कृतमधला अमरकोशही पद्यातच आहे, आणि तो तर चक्क शब्दकोश! पाठांतराला बरं पडतं, म्हणून. उलट बाणभट्टाची 'कादंबरी' गद्यात असूनही संस्कृत साहित्यशास्त्र तिला काव्यच मानतं. गद्य-पद्य हा भेद बांधणीपुरताच. मुक्तछंदाला मात्र ही फूटपट्टी लावू नका. तिथे ठरलेलं वृत्त नसतं, तरी ओळ कुठे तोडली यावर लय बरीचशी अवलंबून असते.