‘एझिदी’ आणि बुडाशी असलेला यज्

प्रश्न असा आलाय: “इराकमधल्या त्या जमातीचं नाव मराठीत याझिदी लिहायचं, यझिदी की येझिदी? आणि त्याचा अर्थ ‘सैतानपूजक’ असा आहे का?”

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण डोकं तिथेच फिरतं. नाही! ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांच्या सिंजारवर ‘इस्लामिक स्टेट’ने हल्ला केला, २०१८ मध्ये त्यांच्यातल्याच नादिया मुराद यांना शांततेचं नोबेल मिळालं, तरी नावामागचं हे शेपूट काही गळत नाही. सैतान हा शब्द हे लोक तोंडातूनसुद्धा काढत नाहीत. देव एकच, आणि त्याने जग सात देवदूतांवर सोपवलं. त्यांतला थोरला ताऊसी मेलेक, म्हणजे मोररूपी देवदूत. (मेलेक म्हणजे देवदूत. ‘मलिक ताऊस’ लिहिणारे त्याला परस्पर राज्याभिषेक करून मोकळे होतात.) आदमापुढे वाकायला त्याने नकार दिला, ही शेजारच्या मुसलमानांच्या कथेत सैतानाची बंडखोरी, ‘सैतानपूजक’ आलं ते इथून. एझिदी सांगतात, माझ्याशिवाय कुणापुढे वाकू नकोस ही देवाचीच आज्ञा त्याने पाळली.

आता नाव. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, ‘यझत’ म्हणजे पूजनीय. आपल्याकडे तोच ‘यजत’, थेट ऋग्वेदात. धातू यज्: यज्ञ, यजन, यजमान. फारसीत त्याचा झाला ईझद, आणि अनेकवचनातून आलेला यझदान म्हणजे परमेश्वर. फोर्टात यझदानी बेकरीच्या पाटीखाली ब्रून मस्का खाताना आपण यज्ञाच्या चुलत घराण्यात बसलेलो असतो. अवेस्तातला ‘यस्न’ म्हणजे यज्ञच, त्याचाच पुढे ‘जश्न’ झाला. फ्लेक्सवर जश्न छापणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. एझिदी या ईझदचेच, ही व्युत्पत्ती मला बेहद्द आवडते.

विद्वानांना आवडत नाही. बहुतेकांचा कौल उमय्या खलिफा यझीदकडे, ज्याच्या कारकिर्दीत ६८० मध्ये करबला घडलं, इमाम हुसेन मारले गेले, तोच. एझिदींच्या लालिश या तीर्थस्थळी येऊन राहिलेले संत शेख अदी (मृत्यू ११६२च्या सुमारास) उमय्या कुळातले, आणि एझिदींच्या स्तोत्रांत ‘सुलतान एझीद’ येतोच. पुरावा तिकडे जड आहे, नाक मुठीत धरून मान्य. पण परक्या खलिफाचं नाव तिथल्या डोंगरांत इतकं घट्ट का रुजलं? ‘एझीद’ ऐकताना त्यांच्या कुर्दी बोलणाऱ्या कानाला आधीपासूनचा ‘ईझद’ ऐकू येत असणार, असं मला वाटतं. त्याचा कागद मागू नका. एझिदी स्वतः तिसरंच सांगतात: ‘एझ दा’, मला निर्माण करणारा. त्यातला कुर्दी ‘एझ’ म्हणजे मी, आपल्या ‘अहम्’चा सख्खा भाऊ. तिथेही मी खूशच.

मोर दिसला की लगेच ‘हे तर कार्तिकेयाचे हरवलेले भक्त’ असले निरोप पुढे ढकलणाऱ्यांनी मात्र माझा आधार घेऊ नये. भाषेचं गोत्र एक म्हणून देव एक होत नाही. आणि ‘ताऊस’ तर अरबीत ग्रीकमधून शिरलेला शब्द, त्याला कसला वेल लावणार?

साम्यंच हवीत तर बाशिका-बहझानी या जोडगावांतले ‘कवाल’, म्हणजे स्तोत्रं गाणारे, बघा. धातूचा मोर उंच दांडीवर बसवून ते गावोगाव नेतात, डफ आणि बासरी वाजवत स्तोत्रं म्हणतात. कवाल म्हणजे आपला कव्वाल, ‘देफ’ म्हणजे आपला डफ. समाजाचे थर तीन: शेख, पीर, मुरीद, यातला एक तरी शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागेल का? मेल्यावर आत्मा पुन्हा जन्म घेतो, त्याला ते ‘सदरा बदलणं’ म्हणतात. हीसुद्धा उपमा आपल्याला नवी नाही, पण तिच्यावरून नातं जोडायला मी जाणार नाही.

हां, लेखनाचं राहिलंच. ते स्वतःला म्हणवतात तसं ‘एझिदी’ लिहा, सुरुवात ए-ने. ‘यझिदी’ खपवून घेईन, ‘याझिदी’तला काना कुठून आला देव जाणे. ‘येझदी’ मात्र नको, ती मोटारसायकल. तिचं नाव इराणातल्या यझ्द शहरावरून पडलं म्हणतात, आणि यझ्द कशावरून हे विचारलंत तर मी पुन्हा यज्पाशी येऊन बसेन.