नव्वद सेकंद कशासाठी

प्रिय,

तुझा मेल दोनदा वाचला. कोणता तांत्रिक निर्णय का घेतला ते सांगणाऱ्या बारा निर्णयनोंदी तू एका दुपारात एआयकडून लिहून घेतल्यास, मॅनेजर खूश झाला, आणि दोन दिवसांनी डिझाइन रिव्ह्यूमध्ये कुणीतरी सहज विचारलं, "इथे क्यू का घातली?" फाइलवर नाव तुझं, आणि उत्तर द्यायला तुलाच ती उघडून वाचावी लागली. 'ताई, कानशिलं तापली' असं लिहिलंयस. त्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले.

शेवटी तू विचारलंस, की कोड आता एआयच लिहिणार असेल तर आर्किटेक्चर, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना, शिकू, की काय बांधायचं ते ठरवणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजमेंटकडे सरळ वळू. हा प्रश्न मला आवडला नाही. का ते पुढे येईलच. आधी क्यूचं, म्हणजे आलेली कामं रांगेत ठेवून एकेक पुढे देणाऱ्या भागाचं, बोलू.

क्यू का घातली हे तुला सांगता आलं नाही, कारण ती तू घातलीच नव्हतीस. एआयने सुचवली, तुला बरी दिसली, तू ती मुख्य कोडमध्ये मर्ज केलीस. त्यात गुन्हा काही नाही, सूचना कुणाचीही घ्यावी. पण ती घेताना तू काय सोडलंस? सरळ कॉल का नको होता? पलीकडची सेवा बंद पडते म्हणून, की संध्याकाळी लोंढा येतो म्हणून? दोन्ही कारणांना क्यू चालते, पण दोघांसाठी ती वेगवेगळी बांधावी लागते. 'का' ठाऊक नसेल तर 'काय' ठाऊक असून उपयोग नाही. हे वाक्य मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, तयारी ठेव.

आता माझं सांगते. पेमेंटची एक सेवा होती, टीम माझ्याकडे होती. प्रत्यक्ष पैसे कापणाऱ्या गेटवेकडून वेळेत उत्तर आलं नाही, तर आमचा कोड नव्वद सेकंद थांबायचा आणि मग व्यवहाराची स्थिती विचारायचा. तोवर ग्राहकापुढे गोल फिरत राहायचं. तक्रारी येत होत्या. मी कोड उघडला, नव्वद आकडा पाहिला, कमिटचा, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीचा, संदेश पाहिला. संदेश होता 'फिक्स'. एवढंच. मी नव्वदचे पाच केले.

गेटवेच्या बाजूला व्यवहाराची नोंद कधीकधी मिनिटभर उशिरा उमटत असे. पाच सेकंदांनी विचारलं की 'असा व्यवहार नाही' असं उत्तर यायचं, आणि आमचा कोड इमानेइतबारे पुन्हा पैसे कापायचा. प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक दिला जात असल्यामुळे पलीकडच्यांनाही तो नवाच व्यवहार वाटे. दोन दिवसांनी ते ध्यानात आलं. पुढचे चार दिवस मी छापील याद्या टेबलावर पसरून, पट्टी धरून, एकेक ओळ जुळवत बसले होते. पट्टीची कड शाईने निळी झाली होती, ती अजून माझ्या खणात आहे.

ज्याने ते नव्वद सेकंद घातले होते तो तोपर्यंत नोकरी सोडून गेला होता. त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "तीन रात्री लॉग बघत बसून तो आकडा काढला होता. वर चार ओळींची कमेंटही लिहिली होती. रिव्ह्यूमध्ये तुम्हीच काढायला लावलीत."

मीच काढायला लावली होती. त्या काळात मी सगळ्यांना सांगत फिरायचे की चांगल्या कोडला कमेंट, म्हणजे शेजारी लिहिलेली टीप, लागत नाही, कोड स्वतः बोलतो. कोड बोलतो, पण काय करतो एवढंच बोलतो. का करतो ते माणसाने लिहावं लागतं. त्या मुलाच्या तीन रात्री मी एका शेऱ्याने पुसल्या. त्याची माफी मागितली, तो 'जाऊ द्या' म्हणाला. माझ्याच्याने अजून जाऊ देता आलेलं नाही.

हा फक्त माझा हलगर्जीपणा होता असं समजू नकोस. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेटचं पहिलंच उड्डाण ४० सेकंदांच्या आत संपलं. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटी आकडा १६ बिटी पूर्णांकात मावला नाही आणि दिशा सांगणारा संगणक बंद पडला. राखीव संगणकावर तेच सॉफ्टवेअर होतं, तोही त्याच कारणाने पडला. कोड एरियान ४ मधून उचललेला होता. धोक्याच्या सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण दिलेलं होतं, तिघांना नव्हतं, कारण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि ते तीन आकडे तेवढे वाढणारच नाहीत असा हिशेब होता. जुन्या रॉकेटपुरता तो चाललाही. नव्याचा आडवा वेग बराच जास्त होता. शिवाय तो भाग नव्या रॉकेटला उड्डाणानंतर लागतच नव्हता! चौकशी समितीने लिहून ठेवलंय, की या निर्णयाचं समर्थन कोडमध्ये कुठेही सापडलं नाही. गृहीतक सर्वांना मान्य होतं, पण कागदपत्रांच्या ढिगात ते बाहेरच्यांच्या नजरेआड गेलं.

ढिगात. हा शब्द तुझ्या बारा फाइलींसाठी आहे.

एआयबद्दल माझं म्हणणं एवढंच. मी स्वतः ते रोज वापरते. चाचण्या लिहून घेते, अनोळखी कोड समजून घेते. पण त्याच्यासमोर जे लिहिलेलं आहे तेच त्याला दिसतं. तीन रात्रींचे लॉग, बैठकीत कुणीतरी नाइलाजाने हलवलेली मान, हे कुठेच लिहिलेलं नसतं. आणि त्याहून वाईट असं, की तू त्याला 'हे नव्वद सेकंद का?' असं विचारलंस तर तो गप्प बसेलच असं नाही. बहुधा एखादं छान, पटेल असं कारण देईल. ते बरोबर निघेलही, पण कुणी घेतलेल्या निर्णयाचं ते कारण नसेल. कारण नसलेला आकडा पाहून निदान शंका येते. बनवलेलं कारण जवळ असलं की शंकाही येत नाही, आणि पुढचा माणूस निर्धास्तपणे त्यावर हात चालवतो.

पीटर नाऊर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ साली मांडलं होतं, की प्रोग्राम म्हणजे मुळात तो बांधणाऱ्यांच्या डोक्यातली समज. ती माणसं पांगली की कोड चालत असला तरी प्रोग्राम मेलेला असतो. तेव्हा हे अनेकांना अती वाटलं असेल. आज कोड पहिल्या दिवसापासून कुणाच्याच डोक्यात नसू शकतो.

आता तुझा प्रॉडक्ट मॅनेजमेंटचा प्रश्न. अरे, तिकडे पळून तू काय टाळणार आहेस? तिथेही तेच आहे. एका ग्राहकाने 'एक्सेल डाउनलोड'चं बटण मागितलं, आम्ही दिलं. वर्षभराने त्यांच्या लेखा विभागातल्या बाईंशेजारी बसले तेव्हा कळलं, की मंजुरी देणाऱ्या साहेबांना आमच्या सिस्टीमचं लॉगिनच नव्हतं. बाई दर महिन्याला शीट काढायच्या, छापायच्या, सही घ्यायच्या आणि मग एकेक मंजुरी परत आत टाइप करायच्या. त्यांना बटण नको होतं, मंजुरीचा एक पडदा हवा होता. बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, 'काय' होतं, 'का' कुणी विचारलंच नव्हतं. रोडमॅप एआय तुला पाच मिनिटांत आखून देईल. त्या खुर्चीशेजारी तुलाच जाऊन बसावं लागेल.

या हट्टापायी मी एक टीम गमावली आहे, तेही सांगते. पुढच्या एका नोकरीत मी एक रिलीज दोन दिवस अडवली. डेटाबेस दोन भागांत तोडायचं ठरलं होतं, आणि का तोडायचा हे खोलीतल्या सहा जणांनी सहा तऱ्हांनी सांगितलं. मी म्हटलं, एक पान लिहा, मग सोडते. वर तक्रार गेली, 'कामात अडथळा आणतात' असा शेरा आला, टीम दुसऱ्याकडे गेली. माझा आवाज चढला होता, हे खरं. पण दोन दिवस मागितले होते, दोन महिने नाही! तोडलेला डेटाबेस नंतर जोडणं किती जीवघेणं असतं हे मला माहीत होतं, आणि ते मी सांगायचं नाही तर कुणी? आजही तीच वेळ आली तर मी रिलीज अडवेन. आवाज मात्र खाली ठेवेन.

तेव्हा आता काम. निर्णयनोंदीचा साचा २०११ पासून मायकेल नायगार्ड या सॉफ्टवेअर अभियंत्याच्या लेखामुळे सगळीकडे गेला आहे: संदर्भ, निर्णय, स्थिती, परिणाम. साचा चांगला आहे. मला त्यात दोन गोष्टी आणखी हव्यात. काय नाकारलं, आणि काय घडलं तर हा निर्णय मोडायचा. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नसने १९७२ मध्येच सांगितलं होतं, की प्रोग्रामचे भाग पाडताना बदलू शकणारे निर्णय एकेका भागात झाकून ठेवा. पण कोणता निर्णय बदलू शकतो, हे कळायला आधी त्याचं कारण हातात लागतं. बघ, फिरून पुन्हा तिथेच आलो.

बाराच्या बारा फाइली बाजूला ठेव. क्यूची तेवढी घे, बंद कर, आणि एआय न उघडता स्वतः दहा ओळी लिही. जिथे अडशील तिथे कुणाला तरी विचारावं लागेल. पलीकडची सेवा सांभाळणाऱ्या माणसाकडे जा, कधी बंद पडते ते विचार, त्याचे आकडे घे. क्यू नकोच होती असं निघालं, तर तसं लिही आणि पुढच्या रिव्ह्यूमध्ये स्वतः सांग. कानशिलं पुन्हा तापतील.

शनिवारी मी मोकळी आहे. त्याआधी दहा ओळी पाठव. भाषा सुधारत बसू नकोस.

तुझी ताई